राईला माळे किती

माझा थोरला भाऊ रानात जाताना खांद्यावर एक धुतलेलं धोतर टाकून जायचा. नेसायला नव्हे, अंथरायला. सूर्य डोक्यावर आला की तो ते झाडांखाली जमिनीवर पसरायचा आणि त्यावर उन्हाचे जे कवडसे पडत त्यांच्याभोवती कोळशाने घाईघाईने रेघा ओढायचा. घाई अशासाठी की कवडसा थांबत नाही. रेघ फिरून आपल्या सुरुवातीला येऊन मिळेपर्यंत तो बोटभर सरकलेला असे. संध्याकाळी ते धोतर घरी आणून ओटीवर पसरायचा आणि त्याच्याकडे बघत बसायचा. दुसऱ्या दिवशी वहिनी ते धुऊन टाकायची.

"सगळं रान धुतलंस," दादा म्हणायचा.

"रान नाही, कोळसा धुतला," वहिनी म्हणायची. "आणि रान एवढं मळकट असेल तर धुतलेलंच बरं."

दादाला जाऊन आता काही वर्षं झाली. त्याच्याबद्दल लिहायला बसते आणि चार ओळी झाल्या की थांबते. तो जे शोधत होता ते त्याला सापडलं की नाही, मला ठाऊक नाही. तो नक्की काय शोधत होता हेसुद्धा एखाद्या दिवशी स्वच्छ समजल्यासारखं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी वाटत नाही. पण त्याच्यामागे आमच्या कातळावर झाडांचा एक तुकडा उरला, आणि त्या तुकड्याचं काय करायचं यावरून आमच्या घरात जे झालं ते मी पाहिलं आहे. तेवढं तरी सांगता येईल.

रत्नागिरीहून भाट्याची खाडी तरीच्या होडीतून ओलांडायची, मग उंडीच्या झाडांखालून वाळूतून थोडं चालायचं आणि चढण चढायची, की आमचं गाव. घराच्या खालच्या अंगाला भाताची खाचरं, बाजूला आंब्याची बाग, आणि वर उघडा, काळा कातळ. मी शहरात मुलींच्या शाळेत शिकवत असे आणि शनिवारी दुपारच्या तरीने घरी येत असे. लग्न होऊन वर्ष व्हायच्या आत मी माहेरी परत आले होते. मोठ्या माणसांनी मला मागच्या खोलीत बसवायचं ठरवलं होतं. दादाने मला पुण्याला नेऊन शाळेत घातलं. त्यावर तो पुन्हा कधी काही बोलला नाही, मीही बोलले नाही. आमच्या घरात असल्या गोष्टी बोलायची रीत नाही.

तो स्वतः पुण्याच्या कॉलेजात शास्त्र शिकत होता. वडील गेले तेव्हा पदवी न घेताच परत आला. बाग काका सांभाळत, म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. कलमं बांधण्यात त्यांचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं. दादा त्यांच्याबरोबर बागेत जाई, सांगतील ते करी, पण त्याचं लक्ष गावाच्या देवराईकडे असे.

आमची राई गावाच्या मागे, दोन डोंगरांच्या बेचक्यात आहे. तिच्या तोंडाशी एक उभा पाषाण आहे, तोच देव. तिथली काडी बाहेर नेत नाहीत. पडलेलं फळ नाही, सुकलेलं पान नाही. गावातल्या देवळाचं छप्पर बसलं तरी तुळईसाठी आधी देवाचा कौल लावायचा आणि मगच कुऱ्हाड उचलायची. आणि बायकांनी पाषाणाच्या पुढे जायचं नाही. त्यामुळे ती राई मी आतून कधीही पाहिलेली नाही. पाषाणापाशी उभं राहिलं की आतून गार वारा येतो आणि ओल्या पाल्याचा वास येतो. बाकी सगळं मला दादाने सांगितलेलं. तो पान बाहेर आणू शकत नव्हता म्हणून ओटीवरच्या पाटीवर काढून दाखवायचा, त्याचा हात चित्रकलेत बरा नव्हता, आणि मला सगळी पानं आंब्याचीच वाटायची.

त्याची शंका अशी सुरू झाली. आमच्या गावात झाडं तीन ठिकाणी आहेत. एक बाग, तिथे नुसता आंबा. दुसरा राबाचा डोंगर. पावसाआधी भाताचं रोप करायच्या जागेवर फांद्या पसरून, शेण-माती टाकून जाळतात, त्याला राब भाजणं म्हणतात. त्या फांद्या गावकरी ज्या डोंगरावरून दर वर्षी तोडतात तो राबाचा डोंगर. तिथलं प्रत्येक झाड तोडून तोडून सारख्याच उंचीचं झालेलं, वर पानांचा झुबका आणि खाली खांब. ऐन आणि किंजळ, बहुतेक तेवढंच. तिसरी राई. माती एकच, पाऊस एकच, मध्ये नुसती एक पाऊलवाट. पण राईत दादा मोजायला लागला की झाडांच्या जाती संपत नसत.

"का?" तो मला विचारायचा, जणू मला माहीत असावं.

"तोडत नाहीत म्हणून," मी म्हणाले.

"बाय, तोडत नाहीत म्हणून झाडं जास्त असतील. जाती जास्त का असाव्यात?"

मग तो मला माळ्यांचं सांगायचा. राईला माळे आहेत, म्हणायचा. आपल्या घराला जशी पडवी, माजघर आणि वर माळा, तसे. सगळ्यांत वर हेळा आणि सातवीण, त्यांना पुरं ऊन. त्यांच्या खाली जांभूळ, सुरंगी, बकुळ, ऊन गाळून येईल तेवढं घेणारी. त्याखाली अंजनी, रतांबा. त्याच्याही खाली काळोखात उभं असलेलं रानजायफळ, ज्याची काडी मोडली तर रक्तासारखा लाल रस येतो. आणि सगळ्यांतून जिन्यासारखी वर चढत गेलेली गारंबी, जिच्या शेंगा हातभर लांब लोंबतात. प्रत्येक माळ्यावर ऊन वेगळं, वारा वेगळा, ओल वेगळी. म्हणून प्रत्येक माळ्यावर बिऱ्हाड वेगळं. जितके माळे जास्त तितकी बिऱ्हाडं जास्त. राबाच्या डोंगराला एकच माळा. बागेला तर एकच बिऱ्हाड.

ते ऐकून मला फार बरं वाटलं होतं. सगळं जागच्या जागी बसल्यासारखं. पण पुढच्या आठवड्यात वर्गात मुलींचा अभ्यास घेताना माझ्या मनात एक प्रश्न आला आणि शनिवारी मी तो त्याला विचारला. "दादा, माळे होते म्हणून बिऱ्हाडं आली, की बिऱ्हाडं वेगवेगळ्या उंचीची होती म्हणून माळे झाले?"

त्याने ओटीवरची पाटी पुढे ओढली. वहिनी आतून म्हणाली, "वन्सं, आता हे जेवायला उठायचे नाहीत. तुम्ही जेवून घ्या."

त्यानंतर तो एका शनिवारी एका बाजूला असे आणि पुढच्या शनिवारी दुसऱ्या बाजूला. राईत एक मोठा हेळा वादळात पडला होता आणि वरच्या छपराला भोक पडून खाली उन्हाची विहीर झाली होती. त्या विहिरीत राईत दुसरीकडे कुठेच नसलेली रोपं उगवली होती, चांदाडा आणि असलीच उन्हाची हावरी झाडं. म्हणजे छपराला भोक पडल्यानेही जाती वाढतात. मग माळे पुरे असणं चांगलं की मोडलेले असणं चांगलं? तो दोन्हीला हो म्हणायचा. आणि भाट्याच्या वाळूवर उंडीची झाडं होती, ज्यांच्याखालून मी दर आठवड्याला जात असे. ती उंच होती, खाली सावली दाट होती, पण त्या सावलीत दुसरं बिऱ्हाड म्हणून नव्हतं. नुसती उंडी आणि वाळू. "खारं वारं," दादा म्हणाला. "तिथे राहायला माळा आहे, पण भाडेकरू खारं वारं सोसणारा हवा." मग त्यानेच मान हलवली. "म्हणजे नुसत्या माळ्यांनी भागत नाही. मग कशाने भागतं?"

मला वाटतं तिथेच त्याने ठरवलं की एक राई लावून बघायची.

आमच्या घराच्या वर कातळाचा एक तुकडा होता. काकांना तिथे हापूसची कलमं लावायची होती. दादाने तो मागून घेतला. राईतून प्रत्येक जातीची रोपं आणून तिथे लावायची, म्हणजे डोळ्यांसमोर कळेल कोण कसं वाढतं, असा त्याचा बेत. पण राईतली काडी बाहेर काढायची तर कौल हवा.

कौल गुरव लावतो. ओली फुलं पाषाणाच्या दोन खांद्यांना चिकटवतात, गाऱ्हाणं घालतात, आणि वाट बघतात. उजवं फूल आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. त्या दिवशी मी पाषाणाच्या अलीकडे उभी होते. उजवं फूल गाऱ्हाणं संपायच्या आत पडलं.

"देवानं हसत दिलान," गुरव म्हणाला. मग दादाकडे बघून म्हणाला, "पण म्हाराज, रोपा जगवूची जबाबदारी देवानं घेतलान नाय हां. ती तुमची."

मग आम्ही जे केलं ते बागवाल्यांशिवाय कोणी केलं नसतं. काकांनी दोरी धरली. ते या कामाला तयार नव्हते, पण एकदा झाड लावायचं म्हटल्यावर ते वेडंवाकडं लागलेलं त्यांना बघवत नसे. कातळात पहारीने खड्डे काढले, सगळे सारखे खोल. खाचरातली माती वर वाहून आणली. दोरीवर, सारख्या अंतराने, ओळीत, पावसाच्या पहिल्याच उघडिपीत एका दिवसात सगळी रोपं लावली. हेळा, त्याच्या शेजारी अंजनी, त्याच्या शेजारी ऐन, त्याच्या शेजारी रानजायफळ. दादालाही तेच हवं होतं. सगळ्यांना सारखी जागा, सारखी माती, सारखं ऊन दिलं की तुलना चोख होईल, असं तो म्हणाला. संध्याकाळी आम्ही सगळे वर उभं राहून बघत होतो. फार सुंदर दिसत होतं, एखाद्या मोठ्या घराण्याच्या बागेसारखं.

"काय गो मास्तरीणबाई," काका मला म्हणाले, "तुझ्या दादाचं रान बघ. केसांतून फणी फिरवल्यासारखं."

पावसात सगळं हिरवं राहिलं. आश्विनातलं ऊन कातळावर पडू लागलं आणि रानजायफळं आधी गेली. मग सुरंगी, अंजनी, रतांबे. आम्ही पाणी घातलं, झावळ्यांचे आडोसे केले, पण कातळ खालून तापत होता. दादा रोज सकाळी वर जाई आणि परत येऊन काही बोलत नसे. काका बोलत. "देवाच्या झाडांना आमचं ऊन बाधतं. नाजूक पडली बिचारी, माहेरपणाला आलेली." पुढच्या पावसाळ्यात दादाने मेलेल्यांच्या जागी पुन्हा रोपं लावली, पुन्हा कौल घेऊन. तीही गेली. उरले ऐन, किंजळ, कुंभा, चांदाडे, आणि एका कोपऱ्यात एक पायर, पिंपळाची बहीण, जिने कातळाच्या भेगेत मुळं घातली आणि फोफावली.

"राबाचा डोंगरच झाला की रे हा," एकदा काका म्हणाले. या वेळी ते चेष्टा करत नव्हते.

आम्ही तो तुकडा बागेसारखाच ठेवत होतो, हेही सांगायला हवं. दर वर्षी पावसानंतर गडी लावून बेणणी करायचो, म्हणजे झाडांखाली उगवलेलं सगळं कोयत्याने साफ. पाला झाडून एका बाजूला. वणव्याची भीती म्हणून, आणि झाडांखाली स्वच्छ दिसलं नाही तर आमच्याकडे घराची अब्रू जाते म्हणूनही. दादा त्या साफ जमिनीवर धोतर पसरायचा आणि म्हणायचा, "उंची येतेय. सावलीही येतेय. मग दुसरा माळा का नाही येत?" मी वाचलेल्या एकाही पुस्तकात त्याचं उत्तर नव्हतं. तो मला विचारायचा ते मी काही जाणत असेन म्हणून नाही. दुसरं विचारायला कोणी नव्हतं.

मग एका भाद्रपदात त्याला ताप आला. शहरातून डॉक्टर तरीने येऊन गेले. त्यांनी विषमज्वर सांगितला. मी रजा घेऊन घरी राहिले. ताप उतरला असं वाटलं आणि पुन्हा चढला आणि तो गेला. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

सुतकाचे दिवस पुरे व्हायच्या आतच गावात बोलणं सुरू झालं होतं. राईतली काडी बाहेर काढली. एकदा देवाने दिली, दुसऱ्यांदा मागायची काय गरज होती? कोणी आमच्या तोंडावर म्हणालं नाही. पण भेटायला आलेल्या बायका वहिनीजवळ बसून हळू बोलायच्या, आणि मी जवळ गेले की पावसापाण्याची चौकशी करायच्या.

दहावं-बारावं, सगळं आटोपल्यावर एका शनिवारी वहिनीने माझ्यापुढे ताट ठेवलं आणि उभीच राहिली.

"वन्सं, वरची झाडं काढायची," ती म्हणाली.

"वहिनी, त्याला विषमज्वर होता."

"मला माहीत आहे काय होता ते. मीच उशाशी होते." ती थांबली. "मी शिवायला बसले की खिडकीतून ती दिसतात. चुलीपाशी बसले की दिसतात. ती वाढतात. दर पावसाळ्यात वाढतात. ती माझ्या डोळ्यांसमोर नकोत."

मला तिला सांगायचं होतं की मला ती हवी आहेत. दादाचं दुसरं काही उरलं नव्हतं. मूलबाळ नव्हतं, त्याने लिहून ठेवलेलं काही नव्हतं, त्याचं रान दर वेळी धुतलं गेलं होतं. पण माझ्या हवंपणाचं तिच्या नकोपणापुढे काय वजन? नवरा तिचा गेला होता. मी आठवड्यातून एकदा येणारी. मी ताटावरून उठले नाही आणि जेवलेही नाही.

काकांना ते सोयीचं झालं. मी त्यांना दोष देत नाही. खड्डे तयार, माती तयार, बांध घातलेला. "झाडं तोडायची, मुळं काढायची, आणि मिरगाला कलमं," ते म्हणाले. "त्याच्या नावाने कलमं लावू. आंबा तरी लोक खातील." पण ती झाडं देवाची. आणताना कौल लागला होता, तर तोडतानाही लागणारच.

म्हणून आम्ही सगळे पुन्हा पाषाणापाशी गेलो. काका, वहिनी, मी. गुरवाने पाषाण धुतला, दोन्ही खांद्यांना फुलं लावली आणि गाऱ्हाणं घातलं. अमक्याचा पुत्र तमका, त्याने तुझ्या पदराखालची लेकरं वर नेली, तो आता राहिला नाही, त्याची मालकीण विचारते, ती झाडं उतरवावीत की ठेवावीत? उतरवायची तर उजवं दे, ठेवायची तर डावं दे.

दोन्ही फुलं होती तिथेच राहिली.

गुरवाने पुन्हा गाऱ्हाणं घातलं. वारा होता, राईतून गार वाऱ्याचे झोत येत होते, वहिनीचा पदर हलत होता. फुलं हलली नाहीत. ऊन पाषाणावर आलं. काका उठून जवळ जाऊन बघून आले.

"पाणी जास्त लावलंस का रे?"

"मी काय डिंक लावलो, काका?" गुरव म्हणाला. "दर वेळेस लावतो तेवढाच पाणी."

"मग?"

"मग काय. देव इचार करताय."

"देवाला एवढा विचार करायला काय आहे त्यात? चार ऐन नि एक पायर."

 वहिनी पाषाणाकडे बघत होती. मीही बघत होते, आणि मला कोणतं फूल पडायला हवं आहे हे मला माहीत होतं, आणि तिलाही माहीत होतं. आम्ही दोघी शेजारी शेजारी उभ्या राहून वेगवेगळ्या फुलांची वाट बघत होतो. दुपार झाली तेव्हा फुलं सुकून दगडालाच धरून बसली होती. गुरवाने हात जोडले.

"कौल अडला," तो म्हणाला. "आता देव सांगेपत्तर त्या जाग्यावर कोयता नाय लावायचा. तोडायचा नाय, बेणायचा नाय, झाडायचा पण नाय. हाय तसा ठेवायचा."

त्या दिवशी परत येताना वहिनी माझ्या पुढे चालत होती. घरात शिरल्यावर तिने त्या बाजूची खिडकी लावून घेतली.

खिडकी बराच काळ बंद राहिली. काका अधूनमधून पुन्हा कौल लावायची गोष्ट काढत, पण भावकीतलं सुतक, मग शिमगा, मग आंब्याचा हंगाम. पावसाळा आला आणि गेला आणि कोणी बेणणीला वर गेलं नाही. मीही गेले नाही. जाऊन काय बघायचं होतं? पाला पडून कुजला असेल, गवत, करवंदीची जाळी. आमच्या घराची अब्रू गेली असेल, एवढंच.

दुसरा पावसाळा सरल्यावर एका रविवारी मी सहज वर गेले. खरं सांगायचं तर सहज नाही, दादाच्या श्राद्धाचा दिवस जवळ आला होता. गवत मी कल्पिलं होतं तेवढं नव्हतं. झाडांची छपरं एकमेकांना लागली होती आणि खाली पाल्याचा थर होता, त्यात पाय रुतत होता. पायरीच्या झाडाखाली पक्ष्यांची घाण पांढरी पडली होती. त्या झाडाला फळं धरत आणि पक्षी तिथे येऊन बसत. राईवरून मोठ्या चोचीचे ककणेर येताना तर मी ओटीवरूनही पाहिले होते.

त्या पांढऱ्या घाणीच्या आसपास पाल्यातून रोपं वर आली होती. ओळीत नाहीत. कुठे तीन एकत्र, कुठे एकही नाही. आणि ती ऐनाची नव्हती, किंजळाची नव्हती. मी खाली बसले. एक पान जाड आणि चकचकीत होतं. एक लांब, खालून फिकट. दादाने पाटीवर काढलेल्या पानांपैकी ही कुठली, मला आठवेना. ती सगळी आंब्यासारखी होती. लांब पानाच्या रोपाची काडी मोडून बघितली असती तर लाल रस आला असता की नाही ते कळलं असतं. माझा हात पुढे झाला आणि मोडवेना. एकतर कोयता लावायचा नव्हता, आणि नख हा कोयताच. आणि रस पांढरा निघाला असता तर?

मग मला सुचलं ते असं, आणि ते बरोबर आहे की नाही हे मला आजही सांगता येत नाही. आम्ही ऊन असलेल्या जागी सावलीची रोपं लावली होती. ती मेली. पण उन्हाच्या झाडांनी आधी सावली केली असती आणि मग ही आली असती, तर? म्हणजे माळा आधी, बिऱ्हाड नंतर. पण माळा केला कोणी? तोही बिऱ्हाडांनीच. आणि ही रोपं आणली कोणी? पक्ष्याने, जो पायरीसाठी आला. पायर नसती तर सावली असूनही काही आलं नसतं, उंडीखाली येत नाही तसं. की उंडीखाली खाऱ्या वाऱ्यानेच येत नाही? आणि आली असती तरी आम्ही दर आश्विनात ती कापून टाकत होतो. दादा ज्या दुसऱ्या माळ्याची वाट बघत होता तो कदाचित दर वर्षी येत होता आणि आम्ही दर वर्षी तो बेणत होतो. कदाचित. हे सगळं एका बैठकीत मनात आलं आणि उठले तेव्हा त्यातलं अर्धं मला पुन्हा जुळवता येईना. विचारायला तो नव्हता.

घरी येऊन मी वहिनीला काही सांगितलं नाही. पण माझ्या लुगड्याला पाला लागलेला तिने पाहिला. संध्याकाळी ती आत गेली आणि फडताळातून एक घडी घेऊन आली. धोतर होतं. मळकं.

"आजारी पडायच्या आधीचं," ती म्हणाली. "हे धुतलं नाही. तुम्ही शिकलेल्या आहात. बघा, काही कळतंय का."

आम्ही ते ओटीवर पसरलं. कोळसा पुसट झाला होता. बारीक बारीक ठिपके, एकात एक गेलेल्या रेघा, एका टोकाला एक मोठा डाग. मी बराच वेळ बघितलं. ते राईतलं होतं की वरचं, वरची बाजू कुठली, मला काहीही कळलं नाही. मी तसं सांगितलं.

"मलाही नाही," वहिनी म्हणाली. तिला बरं वाटल्यासारखं दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या तरीने मी शाळेला गेले नाही. सूर्य डोक्यावर आला तेव्हा आम्ही दोघी ते धोतर घेऊन वर गेलो. दादा गेल्यापासून वहिनी तिथे पहिल्यांदा येत होती. ती कडेला थांबली, मग पदर खोचून आत आली. एक टोक तिने धरलं, एक मी, आणि पायरीखाली, रोपं वाचवून, आम्ही ते पसरलं. उन्हाचे कवडसे त्याच्या रेघांवर पडले. कुठे रेघेत बसले, बहुतेक ठिकाणी नाही. सरकत होते. एका टोकाला वहिनीने बोट ठेवलं. "इथे जरा जरा," ती म्हणाली. तोवर तो कवडसा बोटावरून पुढे गेला होता.

मग तिला ते रोप दिसलं, लांब पानाचं. "हे काय?"

"माहीत नाही."

"ह्यांनी लावलेलं?"

"नाही. हे आपोआप आलं."

ती त्याच्याकडे बघत राहिली.  येताना धोतर तिनेच घडी करून काखेत धरलं.

पुढच्या वैशाखात काका कलमं तयार करून घेऊन आले. चांगली कलमं होती, स्वतः बांधलेली. "आता पुन्हा कौल लावूया," ते ओटीवर बसत म्हणाले. "देवाचा विचार झाला असेल एव्हाना."

मी वहिनीकडे बघितलं. मला काही बोलायचा हक्क आहे असं तेव्हाही वाटलं नाही. ती दारात उभी होती, तांदूळ निवडत होती, सुपातून खडे काढून अंगणात टाकत होती.

"एकदा विचारलं देवाला," ती म्हणाली. "पुन्हा पुन्हा विचारू नये. ह्यांनी दुसऱ्यांदा विचारलं होतं."

"अगो, पण तेव्हा तूच म्हणाली होतीस..."

"म्हणाले होते. तो सांगेल तेव्हा सांगेल. तोवर कोयता नको."

"आणि नाहीच सांगितलान तर?"

"तर नाही."

काका थोडा वेळ बसले, चहा प्यायले. मग कलमं खालच्या बांधावर लावायला घेऊन गेले. जाताना वरच्या झाडांकडे बघून म्हणाले, "फणीची गरज आहे त्या रानाला," आणि गेले.

ती झाडं दादाच्या मरणाला कारण आहेत असं वहिनीला अजून वाटतं का, हे मी तिला विचारलेलं नाही. वाटत असूनही ती ठेवायची तिने ठरवलं असेल, किंवा वाटत नसेल, किंवा तिलाही माझ्यासारखंच काही नीट कळत नसेल. खिडकी उघडी असते. गेल्या शनिवारी मी चढण चढून आले तेव्हा ती वर होती, हातात केरसुणी घेऊन. झाडत नव्हती. सवयीने घेऊन गेली असावी आणि तिथे गेल्यावर कोयता नको तशी झाडलोटही नको हे आठवलं असावं. लांब पानाचं रोप तिच्या गुडघ्याला लागलं होतं.

"किती माळे झाले?" मी खालून विचारलं.

"मला काय विचारता," ती म्हणाली. "वर या आणि तुम्हीच बघा."